रिपोर्ट केलं म्हणजे तक्रार झाली नाही

प्रश्न : मी नागपूरला मनीषनगरात राहते. आमच्या भागातल्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी छेडछाडीबद्दल लिहिलं, तर एका बनावट खात्यावरून माझा चेहरा अश्लील फोटोला जोडून टाकला आणि ‘तुझं ऑफिस माहीत आहे’ अशी धमकी दिली. मी आणि मैत्रिणींनी वीसेक वेळा रिपोर्ट केलं. १४ ऑगस्टला खातं गायब झालं. आता तशीच भाषा दुसऱ्या खात्यावरून सुरू आहे. नाव न देता तक्रार करता येईल का? अ‍ॅडमिनवर केस होईल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून आधी कॅलेंडर काढलं. आज २२ जानेवारी. १४ ऑगस्टपासून १८० दिवस मोजले तर १० फेब्रुवारी येते. तुमच्या हातात १९ दिवस आहेत, आणि त्यातही २६ जानेवारीची सुट्टी.

हे १८० दिवस २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतले. तक्रारीवरून मजकूर काढला, तर कंपनीने तो आणि त्याच्याशी जोडलेली नोंद तपासासाठी १८० दिवस जपायची. खातं बंद झालं, तर नोंदणीची माहितीही तितकेच दिवस ठेवायची. खातं कंपनीने उडवलं की त्या माणसाने स्वतःच, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. पण दोन्हीकडे मुदत तीच. काढलेल्या मजकुराच्या नियमात एक छोटी सोय आहे : कोर्टाने किंवा अधिकार असलेल्या सरकारी यंत्रणेने सांगितलं, तर तो मजकूर आणि त्याची नोंद जास्त काळ ठेवावी लागते. म्हणजे १० तारखेच्या आत पोलिसांचं एक पत्र कंपनीकडे जायला हवं. मोबाइल कंपन्यांकडच्या इंटरनेट वापराच्या नोंदी दोन वर्षं राहतात, पण कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), किती वाजता, हे आधी त्या खात्याच्या नोंदीतून कळायला हवं. ती नोंद पुसली गेली की मोबाइल कंपनीच्या नोंदी असून नसल्यासारख्या.

वीस वेळा बटण दाबलंत, त्याने खातं गेलं आणि तुम्ही निवांत झालात. असं पत्र मला दर महिन्याला येतं. लेखी तक्रार कुणाकडेच नाही. जोडलेला स्क्रीनशॉट पाहिला : वर बॅटरी १२ टक्के दिसते, लाल रंगाने गोल काढलाय, आणि खात्याची लिंक मात्र कापून टाकलीय! मूळ स्क्रीनशॉट फोनमध्ये असतील तर तेच द्या, गोल न काढलेले. जुना फोन दिवाळीत भाच्याला दिला म्हणता. आजच परत मागा आणि फॉरमॅट करू देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र लागेल, त्यात कोणत्या उपकरणातून माहिती काढली ते लिहावं लागतं. नव्या खात्याची लिंक, तारीख, वेळ मात्र आत्ताच टिपून ठेवा.

अर्जात ‘बदनामी’ हा शब्द पहिल्या ओळीत नको. बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून तुम्हाला घरी पाठवतील. सुरुवात अश्लील फोटो आणि धमकीने करा : माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ (अश्लील मजकूर), भारतीय न्याय संहितेची ७९ (स्त्रीच्या लज्जेचा अपमान) आणि ३५१(४). हे शेवटचं कलम निनावी धमकीसाठीच आहे. पाठलागाचं ७८ लागेल की नाही, ते संदेश किती वेळा आले यावर ठरेल. शेवटच्या परिच्छेदात स्वतंत्रपणे लिहा : ‘सदर खात्याची माहिती जतन करण्याबाबत कंपनीस तातडीने पत्र द्यावे.’ असाच ईमेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. तो त्यांच्यावर बंधनकारक नाही, पण तारीख तर पडेल.

नाव न देण्याबद्दल. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरची निनावी सोय मुलांचं लैंगिक शोषण, बलात्काराची दृश्यं अशा मजकुरासाठी आहे, आणि तिथे तक्रारीचा माग ठेवता येत नाही. शिवाय फोटो तुमचाच, म्हणजे जबाब तुम्हालाच द्यावा लागणार. पीडितेची ओळख जाहीर न करण्याची सक्ती बलात्काराच्या कलमांपुरती आहे. तुमच्या प्रकरणात कोर्टाला विनंती करता येईल, ती मान्य होईलच असं नाही.

अ‍ॅडमिनचा नाद सोडा. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, अ‍ॅडमिनचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर, त्याला जबाबदार धरता येत नाही, असं आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या प्रकरणात म्हटलंय. त्याला साक्षीदार करा, जास्त उपयोगाचा आहे.

माणूस सापडेल का, सांगता येत नाही. सापडला तरी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तारखांवर तारखा घ्याव्या लागतील, त्यात वर्षं जातील. ते नंतरचं. उद्या सायबर ठाण्यात जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही व आवक क्रमांक पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.