मजकुरातून चालवलेला कोड डीबगरमध्ये पाहताना

प्रश्न : आम्ही गणनेचे नियम डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून ठेवतो आणि पायथनच्या एक्झेक फंक्शनने (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या) चालवतो. पीडीबीने, म्हणजे पायथनच्या डीबगरने (कोड ओळीओळीने थांबवून तपासण्याच्या साधनाने) आत शिरता येते, पण कोडच्या ओळी दाखवणारी लिस्ट आज्ञा दिली की एकही ओळ दिसत नाही. असे का?

उत्तर : कंपाइल झालेल्या कोड ऑब्जेक्टमध्ये (पायथन प्रत्यक्ष चालवतो त्या रूपात) मूळ मजकूर राहत नाही, फाइलचे नाव आणि ओळींचे क्रमांक तेवढे राहतात. पीडीबी त्या नावावरून लाइनकॅश मॉड्यूलकडे (फाइलींच्या ओळी वाचून जपून ठेवणाऱ्या) ओळी मागतो, आणि एक्झेकला नुसता मजकूर दिल्यास ते नाव कोनी कंसातले ‘स्ट्रिंग’ एवढेच असल्यामुळे त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून मजकूर आधी कंपाइल फंक्शनला द्यावा, दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये ‘नियम-४२’ असे स्वतःचे नाव द्यावे आणि त्याच नावाखाली लाइनकॅशच्या कॅश डिक्शनरीत चार घटकांचा टपल (ठरावीक क्रमाचा संच) ठेवावा : मजकुराची लांबी, नन (पायथनमधले ‘काही नाही’ हे मूल्य), ओळींची यादी आणि पुन्हा तेच नाव. दुसऱ्या जागी ननच हवे. तेथे फाइल बदलल्याची वेळ लिहिल्यास लाइनकॅश पुढच्या तपासणीत डिस्कवर फाइल शोधते आणि ती न मिळाल्याने नोंद काढून टाकते. प्रत्येक नियमाला वेगळे नाव द्यायला मात्र विसरू नये, कारण एकाच्या कोडसमोर दुसऱ्याच्या ओळी दिसणे हे काहीच न दिसण्यापेक्षा घातक आहे. एररच्या ट्रेसबॅकमध्येही (चूक कोणत्या ओळींतून आली ते दाखवणाऱ्या यादीत) मग याच ओळी दिसू लागतात.

प्रश्न : असे नाव देऊनही, ठरावीक ओळीवर कोड थांबवणारी पीडीबीची ब्रेक आज्ञा ते स्वीकारत नाही.

उत्तर : ती आज्ञा खरी फाइल शोधते. मजकुरातच हव्या त्या ओळीवर ब्रेकपॉइंट फंक्शनची हाक लिहावी. ही सोय पायथन ३.७ पासून आहे. तपास लांबणार असेल, तर मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून तिचा पूर्ण मार्ग कंपाइलला द्यावा. मी बहुधा हाच मार्ग धरतो, कारण त्यात लाइनकॅशची खटपटही वाचते.

प्रश्न : क्रोमच्या डीबगरमध्ये जावास्क्रिप्टच्या इव्हॅलने (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनने) चालवलेला कोड ‘व्हीएम’ आणि एक आकडा अशा नावाने दिसतो. तो ओळखायचा कसा?

उत्तर : मजकुराच्या शेवटी सोर्सयूआरएलची टिप्पणी जोडावी : दोन तिरप्या रेघा, लगेच हॅश, मोकळी जागा, मग ‘सोर्सयूआरएल’, बरोबरचे चिन्ह आणि नाव. जुन्या लेखांत हॅशच्या जागी ‘ॲट’चे चिन्ह आढळते; ती पद्धत आता सोडावी. इव्हॅलऐवजी फंक्शन कन्स्ट्रक्टर (मजकुरातून फंक्शन तयार करणारा) वापरत असाल, तर तो आपल्या मजकुराआधी शीर्षाच्या दोन ओळी घालतो, त्यामुळे डीबगरमधली पाचवी ओळ ही तुमची तिसरी असते.