अभ्यास गळत नाही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री सव्वादोनला आलेला, मी सकाळी चहा टाकताना वाचला. माजघरात तीन ठिकाणी गळतंय, आजीची खाट दोनदा सरकवली, सकाळी फर्स्ट शिफ्ट आणि परवा स्वाध्याय जमा करायची शेवटची तारीख. खाली एवढंच, 'काकी, यातलं काय सोडू?'

पहिली गोष्ट म्हणजे, श्रावणात रात्री दोन वाजता बादलीतली टपटप ऐकत असले निर्णय घ्यायचे नसतात. त्या वेळेला मीही आमचं घर चारपाचदा तरी विकून टाकलंय. सकाळी ऊन पडलं की परत विकत घ्यायचे.

तुला चार शब्द सांगायचा अधिकार मला एवढाच, की 1994 पासून पुढची चार वर्षं मी हीच कसरत केली. तालुक्याला पतसंस्थेत कारकुनी, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. आणि सासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं घर. आमचे हे मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालेलं, तेव्हा नवंच होतं. कॉलेजात न जाता ग्रॅज्युएट होते म्हटलं की लोक विचारायचे, 'म्हणजे पोस्टाने?' आता तू लोट्याच्या कारखान्यात तीन शिफ्ट करून तेच शिकतोस तर कुणी हसत नाही, एवढा तरी फरक पडला.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम मला चार वर्षं पुरला. का, ते सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

1996 चा मे महिना. शाकारणीला, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून परत बसवायला, गडी अक्षय्यतृतीयेनंतर येतो म्हणाला होता, पण तो आंब्याच्या कामात अडकला आणि उगवला महिना संपता संपता. दुसऱ्या दिवशी माझा अर्थशास्त्राचा पेपर. मी म्हटलं, आजच करून टाकू, आता पाऊस तोंडावर आलाय. दुपारपर्यंत पुढच्या अंगाची सगळी कौलं पुढच्या अंगणात, खळ्यात उतरवली, कौलांखालच्या लाकडी रिपा उघड्या पडल्या. चारच्या सुमाराला सह्याद्रीकडून काळं झालं. वळीव नुसता पडला नाही, आडवा आला. ताडपत्री टाकायला गेलो तर वारा ताडपत्रीसकट आम्हालाच उचलत होता. सासूबाईंना खाटेसकट देवघरात नेलं. भाताची कणगी भिजली. रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही बायका ओटीवर भात पसरत होतो, आणि सकाळची साडेसहाची एसटी कोपऱ्यावरून हॉर्न वाजवत गेली तेव्हा माझ्या हातात केरसुणी होती. पेपर पुढच्या वर्षी दिला.

तेव्हा मी पावसाला शिव्या दिल्या, गड्याला तर महिनाभर. चूक दोघांचीही नव्हती, तारखेची होती. आपल्याकडे घराचं काम मे महिन्यात काढायचं हे चालतच आलंय. चाकरमानी मे महिन्यात येतो, त्याच्या देखत काम होतं, म्हणून. पण तू चाकरमानी नाहीस, बारा महिने तिथे राहणारा आहेस. तुझी परीक्षा उन्हाळ्यात, गडी उन्हाळ्यात आंबा-काजूवर, पाऊस कधी मृगाच्या आधीच आठ दिवस येणारा. तिन्ही गोष्टी एका महिन्यात कोंबायच्या आणि मग म्हणायचं, जमत नाही.

तेव्हापासून मी घराचं मोठं काम दिवाळीनंतर काढते. भातकापणी आटोपली, तुळशीची लग्नं लागली की गडी मोकळे असतात. ऊन कोरडं असतं, आभाळ दगा देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठे गळत होतं ते तेव्हा ध्यानात असतं. मे महिन्यात आपण अंदाजाने अख्खं छप्पर चाळतो आणि त्या चाळण्यातच पाचपन्नास चांगली कौलं फोडतो. शेजारच्यांनी मला वेड्यात काढलं. एक म्हणाले, माकडं तोवर परत फोडतील की. फोडतात. तेवढ्यासाठी उन्हाळ्यात एक दिवस काढावा लागतो, पण एकच.

म्हणजे तुझं आत्ताचं काम दुरुस्ती नव्हे, खुणा करणं. दुपारी पाऊस उघडला की माजघराची दारं ओढून घे, दिवा बंद कर आणि वर बघ. कौल फुटलंय किंवा सरकलंय तिथे उजेडाचा ठिपका दिसेल. पाणी ठिबकतं तिथेच वर बघत बसू नकोस, तिथलं कौल बहुतेक धड असतं. पाणी वर आढ्याकडे कुठेतरी शिरतं, रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाने दोनतीन हात खाली सरकतं आणि खिळा किंवा गाठ लागली की तिथून आजीच्या खाटेवर पडतं. ठिपका सापडला की खराट्यातला एक हीर काढून काठीला बांध आणि त्या फटीत खुपसून दे. बाहेर खळ्यात जाऊन बघ, कौलांत हीर उभा दिसेल. तिन्ही खुणा कागदावर काढून ठेव, कुठल्या वाशाजवळ, आढ्यापासून कितवी ओळ. तात्पुरतं म्हणून आतूनच वरचं कौल अलगद उचलून खाली जुन्या पत्र्याचा तुकडा सार. गणपती निभतील.

वर मात्र चढायचं नाही. कौलांवर आत्ता शेवाळ आहे. आणि नाईट करून आल्यावर तर उन्हाळ्यातसुद्धा शिडीला हात लावायचा नाही, हे मला लेखी हवंय.

आता अभ्यास. तू लिहिलंस, 'वेळच मिळत नाही.' मिळणारच नाही. साहेब फोन करतो, आजी हाक मारते, घर गळतं. अभ्यास गळत नाही. पुस्तक फळीवर ठेवलंस की परीक्षेला आठ दिवस उरेपर्यंत ते चकार शब्द काढत नाही. म्हणून जे ओरडतं त्याच्याकडे आपण धावतो आणि जे गप्प आहे त्याला उद्यावर ढकलतो. मी वर्षभर हेच केलं आणि स्वतःला कष्टाळू समजत राहिले.

घराला तारीख लागते, अभ्यासाला तास. घर रोज थोडंथोडं करायला गेलास तर रोजचा अभ्यास खाऊन टाकेल आणि वर अर्धवटच राहील. त्याला वर्षातून मोजके दिवस दे, पण अख्खे दे. अभ्यासाला उलट. रविवारी सकाळी बसून सगळं उरकीन असं म्हणू नकोस. रविवारी चिपळूणला तुझा संपर्कवर्ग असतो, आणि नसला तरी कुणाचं तरी बारसं निघतं. रोज पाऊण तास. फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळी दिवेलागणीनंतर, सेकंड असेल तेव्हा सकाळी अंघोळ झाल्याबरोबर, नाईट असेल तेव्हा झोपून उठल्यावर चार वाजता. नाईट करून आल्या आल्या पुस्तक उघडू नकोस, ओळी डोळ्यांखालून जातात, बाकी काही होत नाही. लाइट आणि रेंज दोन्ही पावसात भरवशाची नाहीत, तेव्हा लेक्चरं कंपनीच्या बसमध्ये किंवा तालुक्याला रेंज असताना उतरवून ठेव.

बसायचं कुठे? ओटीवर नको, ओटीवर बसलेला माणूस रिकामा असतो असा आपल्या गावाचा समज आहे. माजघरात झड येत नाही, तिथे भिंतीला पाठ लावून बस. आजीला सांग, घड्याळात काटा इथे येईपर्यंत हाक मारायची नाही. सासूबाईंना मी सांगितलं होतं. त्या बरोबर पाऊण तासाने हाक मारायच्या, 'झाली का गं तुझी शाळा?' तेवढी वेळ त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाळली.

पैशाचं थोडक्यात. घराचा खर्च एकदम अंगावर आला की फीचे पैसे त्यात जातात, हा माझा अनुभव आहे. नोव्हेंबराच्या सुरुवातीला बँकेत वर्षभराची आरडी काढ, ती पुढच्या नोव्हेंबरात, बरोबर शाकारणीच्या तोंडावर हातात येते. पोस्टाची काढू नकोस, ती पाच वर्षांची असते. रजेचंही तसंच. कारखान्यात ठरलेले दिवस भरले की दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा पदरात पडते. ती गणपतीच्या धामधुमीत आणि लग्नांच्या जेवणावळींत उडवू नकोस. चार दिवस परीक्षेला, तीन दिवस छपराला, असं आधीच बाजूला काढ आणि अर्ज पंधरा दिवस आधी दे.

भाऊबंदांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण घर सामाईक आहे हे मला ठाऊक आहे. राबायचं एकट्याने आणि गणपतीला आलेल्यांनी वर बघून म्हणायचं, 'अरे, ही कौलं बदलायला हवी होती.' हे ऐकून घ्यायची तयारी ठेव, पण नुसतं ऐकू नकोस. हीर खुपसलेल्या जागांचे फोटो काढ, गड्याचा अंदाज घे आणि आरती झाल्यावर, पानं मांडायच्या आधी, सगळे एकत्र असताना विषय काढ. जेवणानंतर काढलास तर सगळे लवंडलेले असतात. कोण किती देतंय ते वहीत त्यांच्यासमोर लिही. घरपट्टी तू भरतोस ना? पावत्या जपून ठेव. पावतीने घर तुझ्या एकट्याचं होत नाही, पण केलेला खर्च दाखवता येतो. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढून नावं कुणाकुणाची आहेत तेही एकदा बघ.

आणि काही गोष्टी खरोखरच सोड. विचारलंस ना काय सोडू, तर हे सोड. ओटी आणि पडवी शेणाने सारवायची सोड, कोबा घालून घे. आजी नाक मुरडील, तिच्यासाठी माजघर तेवढं ठेव. मागच्या परड्यातला दगडांचा गडगा ढासळलाय तो ढासळू दे, गुरं आता आहेत कुणाकडे. पण खांबांना वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या तर त्याच दिवशी खरवडून काजूबीच्या टरफलाचं तेल लाव, हातमोजे घालून, कातडी सोलते त्याने. अंगण तण माजलेलं असलं तरी चालतं, खांब गेला तर घर गेलं. आणि कौलं काढून पत्रा घालायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. काम सोपं होतं हे खरं. पण पत्र्याखाली पावसात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तुझं फोनवरचं लेक्चर कुठून येणार?

मार्कलिस्टा आणि कागद कुठे ठेवतोस? 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या बहिणीच्या घरी पंख्यापर्यंत पाणी होतं, आणि आठवडाभर ती दोरीवर मुलांची सर्टिफिकिटं वाळत घालत होती, शाई उतरलेली. तुझं घर उंचावर आहे, पूर नाही यायचा, पण वाळवीला आणि गळतीला कपाट कळतं. डिजिलॉकरमध्ये मिळतात ती कागदपत्रं घे, बाकीची प्लास्टिकच्या डब्यात.

स्वाध्याय आज रात्री लिहून टाक. चांगला नाही झाला तरी चालेल, वेळेवर गेला पाहिजे.

एक राहिलं. बाजारातून कौलं आणायची घाई करू नकोस. मंगलोरी कौल सगळं सारखंच दिसतं, पण दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि नाही बसल्या की नव्या कौलाशेजारीच गळतं. तुझ्या फुटलेल्या कौलाचा तुकडा उलटा करून पोटावरचा शिक्का बघ. आमच्या कौलांवर बासेल मिशन आणि 1865 असं उठवलेलं आहे. मुलं लहानपणी शाळेत सांगून आली होती की आमचं घर 1865 चं. ते साल ना घराचं ना कौलाचं, मंगळूरला मिशनऱ्यांनी कारखाना काढला तेव्हाचं. आमची गोठ्याची पडवी उतरवली त्यातली साठेक धड कौलं मागच्या भिंतीला लावून ठेवली आहेत. शिक्का जुळला तर कुणाची तरी रिक्षा घेऊन ये आणि घेऊन जा. रविवारी नको, रविवारी तुझा वर्ग आहे.

तुझी,
काकी