इशारा वाचून माणूस जागचा हलला पाहिजे

आपत्तीच्या वेळी सोशल मीडियावरून लोकांना सावध कसं करायचं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : स्थानिक प्रशासनाचं अधिकृत पेज मी सांभाळतो. पुराचा इशारा टाकला की हजारो लोक बघतात, पण घर सोडून कोणी निघत नाही. लोक इतके बेफिकीर कसे?

उत्तर : लोकांना बोल लावण्याआधी आपलीच पोस्ट पुन्हा वाचा. तुम्ही पाठवलेला नमुना असा आहे : ‘मुसळधार पावसाची शक्यता असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ सतर्क राहायचं म्हणजे करायचं काय? खिडकीत उभं राहून पाणी बघणारा माणूसही सतर्कच असतो. मी ती अशी लिहीन :

‘मंगळवार, १६ जुलै, दुपारी ४. धरणातून पाणी सोडलं आहे. रात्री ९ पर्यंत जुन्या पुलाजवळच्या वस्तीत कमरेएवढं पाणी येईल. ७ च्या आत टेकडीवरच्या शाळेत जा. औषधं, कागदपत्रं, चार्जर सोबत घ्या. पुलावरून जाऊ नका. पुढची माहिती ५ वाजता. – पूर नियंत्रण कक्ष’

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेनिस मिलेटी यांनी अनेक वर्षं हाच विषय अभ्यासला. इशाऱ्यात पाच गोष्टी हव्यातच, हे त्यांच्या कामातून पुढे आलं : कोण सांगतंय, धोका कसला, कुठे, कधी आणि नेमकं काय करायचं. आपल्याकडून बहुतेक वेळा पाचवी राहते.

दुसरं असं, की इशारा ऐकल्यावर माणूस आधी खात्री करतो. शेजाऱ्याला विचारतो, आकाशाकडे बघतो, फोन उघडतो. मे २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरावर टॉर्नेडो, म्हणजे गरगर फिरणारा वाऱ्याचा भोवरा आला आणि दीडशेहून अधिक लोक मेले. भोंगे वाजले होते, पण पहिल्या भोंग्याला बहुतेक जण लगेच आडोशाला गेले नाहीत, आधी आणखी कुठून दुजोरा मिळतोय का ते पाहत राहिले. हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला बेफिकिरी म्हणू नका. सोशल मीडियाचा खरा उपयोग इथेच होतो. फोन उघडल्या उघडल्या पोलीस, प्रशासन, रुग्णालय अशा सगळ्यांच्या पेजवर तेच ठिकाण आणि तीच वेळ दिसली, तर लोक निघतात. एकाने ७ म्हटलं आणि दुसऱ्याने ८, की घोळ होतो आणि माणूस घरीच थांबतो. आणि हो, ५ वाजता काही नवं नसलं तरी ५ वाजता पोस्ट टाकाच. तुम्ही गप्प बसलात की ती जागा अफवा घेते.

प्रश्न : परवाचा वादळाचा इशारा आज पुन्हा फिरतोय. लोक घाबरून फोन करतात. पोस्ट काढून टाकू का?

उत्तर : नुसती काढून टाकून भागणार नाही, स्क्रीनशॉट फिरतच राहतात. सोशल मीडियावर पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतीलच असं नाही, दोन दिवसांपूर्वीची आज वर येऊ शकते. म्हणून ‘आज’, ‘उद्या’, ‘थोड्याच वेळात’ हे शब्द इशाऱ्यात वापरूच नका. वार, तारीख आणि वेळ चित्राच्या आतच मोठ्या अक्षरात घाला. तोच मजकूर चित्राबाहेरही लिहा, कारण अंध व्यक्तीचा फोन चित्रातली अक्षरं वाचून दाखवेलच याची खात्री नसते. धोका टळला की त्याच पोस्टखाली ‘इशारा मागे घेतला’ असं वेळेसह लिहा.

प्रश्न : चुकून खोटा इशारा गेला तर?

उत्तर : तत्काळ, त्याच वाटेने दुरुस्ती. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८.०७ ला अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश गेला. गव्हर्नर डेव्हिड इगे यांना दोनच मिनिटांत कळलं की तो खोटा आहे, पण त्यांचं ट्वीट पडलं ८.२४ ला. ट्विटरचा पासवर्ड आठवत नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं. फोनवरची दुरुस्ती तर ३८ मिनिटांनी आली. तेवढा वेळ माणसं मुलांना कवटाळून बसली होती. पासवर्ड किमान तीन जबाबदार माणसांकडे हवा, खुलाशाचा मसुदा आधीच तयार हवा आणि तो टाकायला कोणाच्या सहीची वाट बघावी लागता कामा नये.

प्रश्न : मग फक्त सोशल मीडियावर इशारा दिला तर चालेल का?

उत्तर : नाही. कंपनीचं धोरण बदललं की तुमची वाट बंद होऊ शकते. २०२३ मध्ये कॅनडात वणवे पेटले होते, तेव्हा तिथे फेसबुकवर बातम्यांच्या लिंकच दिसत नव्हत्या. सेल ब्रॉडकास्टने मोबाइल टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश जातो. त्यासाठी कोणाचा फोन नंबर माहीत असावा लागत नाही, नेटवर्कवर गर्दी असली तरी तो अडत नाही. तो, भोंगा, रेडिओ आणि दारोदार जाणारी माणसं, हे सगळं हवंच.

प्रश्न : ग्रुपवर आलेला इशारा पुढे पाठवावा का? न पाठवल्याने कोणाचं बरंवाईट झालं तर, अशी भीती वाटते.

उत्तर : ती भीती रास्त आहे. पण आधी अधिकृत पेजवर तोच इशारा आहे का बघा, याला एखादं मिनिट लागतं. तारीख नसेल किंवा ‘वरून कळलंय’ एवढंच असेल, तर थांबा. खरा निघाला तर स्क्रीनशॉटऐवजी मूळ पोस्टची लिंक पाठवा, म्हणजे नंतरचे बदलही लोकांना दिसतील. आणि शेजारी एकटी राहणारी म्हातारी व्यक्ती असेल, तर तिचं दार वाजवा.