मासिक काढतेयस? आधी वसुलीचं बघ

अगं, पहिल्याच वर्षी मासिकाच्या फंदात पडू नकोस, दिवाळी अंकाने सुरुवात कर. आपल्या मराठवाड्यात जुलैत जाहिरात मागायला गेलीस, तर सगळ्यांचा पैसा पेरणीत अडकलेला. लातूरचा आडत्याही "दसऱ्यानंतर बघू" म्हणणार. तरी जा. पानाचा दर ठरवून ऑर्डर लेखी घे, आणि सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आलं की पैशासाठी त्यांच्या दारात उभी राहा. दिवाळी उलटली की नुसते हेलपाटे.

"साहेब नाही आले?" असं विचारतीलच. कार्डावर 'मालक व प्रकाशक' म्हणून स्वतःचंच नाव छाप.

पानं सोळाच्या पटीत ठेव, एका फर्म्यात, म्हणजे छपाईच्या एका तावात, सोळा पानं बसतात. चौसष्टची अडुसष्ट केलीस की चार पानांसाठी वेगळा फर्मा, वेगळी प्लेट. कवींना "अजून एक कविता घ्या" म्हणायला काय जातं!

मासिक करशील तेव्हा नोंदणीला घाबरू नकोस. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आलाय. सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज एकत्रच होतो. शीर्षकाचे दोन-तीन पर्याय तयार ठेव. आणि वर्गणीदारांची वही दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, नवऱ्याच्याही.