‘तुमचं लायसन्स दाखवा’

हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो. कधी फोनवर, कधी मुलीला घेऊन आलेल्या वडिलांकडून, कधी निघताना दारात चपला घालता घालता: तुम्ही खऱ्या समुपदेशक आहात हे आम्ही कशावरून धरायचं? विचारणाऱ्याला वाटतं आपण आगाऊपणा करतोय. उलट मला न विचारणाऱ्यांची काळजी वाटते.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका ताईंनी तो सगळ्यांत रोखठोक विचारला, म्हणून त्यांच्या निमित्ताने लिहिते. गाव आणि नाती बदलली आहेत, आणि हे सगळं त्यांनी आधी वाचलंय.

खुर्चीत बसण्याआधीच त्या म्हणाल्या, “डॉक्टर, तुमचं लायसन्स दाखवा.”

“मी डॉक्टर नाही. गोळ्या लिहून देऊ शकत नाही. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलंय, ही पदवी. तुम्ही म्हणताय तसं लायसन्स माझ्याकडे नाही.”

त्या उठतील असं वाटलं होतं. त्या बसल्या. “मग कुणाकडे असतं?”

तेव्हा जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण ही गल्लत घरोघरी आहे. मानसोपचारतज्ज्ञ आधी एम.बी.बी.एस. होतो, मग मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतो. त्याची नोंदणी वैद्यकीय परिषदेत असते आणि औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळा. मानसशास्त्रातल्या एम.ए.वर देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करून दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., ही त्याची आजवरची रूढ वाट. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक मिळतो आणि मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. हा क्रमांक बेलाशक मागावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघावा. नोंदणी नसताना हे काम केलं तर 1992 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तेवढ्यात धड पिशवी भरत नाही.

उरला समुपदेशक. इथे दार सताड उघडं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण याची व्याख्या आहे, तीत समुपदेशकाचं नाव नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक यादीत घेतले, राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा यांची तरतूद केली. ती नोंदवही भरून लोकांच्या वापरात येईपर्यंत मात्र एम.ए. झालेली बाई आणि दोन दिवसांचं शिबिर केलेला गृहस्थ, दोघांच्या दारावरची पाटी सारखीच दिसते.

लायसन्सच्या मागची गोष्ट बाहेर यायला दोन भेटी गेल्या. ताईंचा नवरा तारवटी, वर्षातले आठ महिने बोटीवर. उदासीनतेसाठी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू होती आणि बरं वाटू लागलं होतं. नणंदेने एका ‘लाइफ कोच व समुपदेशका’चं नाव सुचवलं. बारा भेटींचे पैसे त्याने आगाऊ घेतले. तिसऱ्या भेटीत म्हणाला, गोळ्या बंद करा, मनाची ताकद वाढवू. चार दिवसांत चक्कर, मळमळ, झोप उडालेली, डोक्यात विजेसारखे झटके. उदासीनतेच्या काही गोळ्या एकदम सोडल्या की असं होऊ शकतं, म्हणून त्या डॉक्टरच्या सल्ल्याने उतरवत नेतात. त्याने सांगितलं, “विष बाहेर पडतंय.” पैसे अडकलेले, म्हणून ताई जातच राहिल्या. आगाऊ पॅकेजची खरी मेख हीच असते. मग चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना नणंद हसत हसत असं काही बोलली, जे ताईंनी फक्त त्या खोलीत सांगितलं होतं.

पहिलं काम म्हणजे त्यांना परत मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं. त्यांची लेखी संमती घेऊन मी चिठ्ठी दिली. त्यात गोळी कधी थांबली आणि त्यानंतर काय त्रास झाला एवढंच. घरच्या भानगडी डॉक्टरांना लागत नव्हत्या, म्हणून लिहिल्या नाहीत.

झोप सुधारली. एक वाक्य मात्र प्रत्येक भेटीत परत यायचं: “मला तेव्हाच कळायला हवं होतं. एवढी शिकलेली मी!”

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे, म्हणजे माणूस स्वतःवर लादतो ते ‘असंच व्हायला हवं’ शोधून तपासते, त्यामुळे माझे कान मराठीतल्या ‘च’वर असतात. कळायला हवं होतं, ही हळहळ झाली. तेव्हाच कळायला हवं होतं, हा स्वतःवर काढलेला हुकूम. हळहळ ओसरते, हुकूम माणसाला उभा ठेवतो.

“तेव्हाच म्हणजे कधी?” मी विचारलं.

“पहिल्याच दिवशी.”

“त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं?”

“भिंतीवरचं सर्टिफिकेट. आणि नणंदेचा शब्द.”

“ते सर्टिफिकेट काय लायकीचं आहे, हे कुठल्या कचेरीत जाऊन विचारलं असतंत?”

बराच वेळ पंख्याचा आवाज. “अशी कचेरी नाही म्हणालात ना तुम्ही.”

“मग?”

“म्हाका खबर नासलें,” त्या म्हणाल्या. रागावल्या की ताई कोकणीत येतात, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. यावेळी आवाजात राग नव्हता. लगेच मराठीत म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं. माहीत व्हायची सोयच नव्हती.”

हा ‘च’ मी राहू दिला. तो खरा होता.

इतके दिवस मी कायद्याची माहिती आणि त्यांचं मन असे दोन कप्पे करून बसले होते. पहिल्या भेटीतली ती रूक्ष माहितीच त्यांच्या कामी आली. सांत्वनाने जो हुकूम ढळला नव्हता, तो कुठली नोंदवही आहे आणि कुठली नाही एवढं कळल्यावर ढळला. मला वाटतं, आपल्या धंद्यात दिलासा फार वाटला जातो आणि वस्तुस्थिती फार कमी.

पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःची फाईल मागितली. मानसिक आरोग्य कायद्याचं 25 वं कलम मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी बघण्याचा हक्क देतं. माझी खोली म्हणजे इस्पितळ नव्हे, पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्यापासून ते लपवायचं, हे मला कधी पटलेलं नाही. त्या चष्मा लावून वाचत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या: ‘नणंदेबद्दल तक्रार.’

“मी तक्रार नाही केली. घडलं ते सांगितलं.”

बरोबर होतं. मी त्या शब्दावर एकच रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी, बाजूला त्यांचं वाक्य लिहिलं, तारीख घातली, दोघींनी सही केली. नोंद दुरुस्त करायची रीत हीच. खाडाखोड नको, पान फाडणं तर नकोच. त्या दिवशी ताई पहिल्यांदा माझ्या टेबलावर कोपर टेकून बसल्या.

ज्यांना समुपदेशक निवडायचाय त्यांनी पाटीपेक्षा पहिल्या भेटीतला कागद बघावा. संमतीपत्र मराठीत असावं, एक प्रत तुमच्या हातात यावी. त्यात शिक्षण, भेट किती मिनिटांची, फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर काय, हे असावं. फी भेटीगणिक. व्हॉट्सॲप फक्त वेळ ठरवायला. रात्रीबेरात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, जिवावर बेतलं तर 112. समुपदेशकाने स्वतःला चोवीस तास उपलब्ध म्हणवून घेतलं तर सावध व्हा, त्यात दोघांचंही भलं नसतं.

गुप्ततेच्या मर्यादा त्याच कागदावर हव्यात. “कुणालाही काहीच सांगणार नाही” असं जो म्हणतो त्याला कायदा माहीत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढं सांगावं लागतं. तेवढंच, सगळी कहाणी नव्हे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. हे आधी न सांगता मुलाला बोलतं करणं म्हणजे त्याचा विश्वासघात.

गोव्यात आणखी एक अट लागते, ती पुस्तकांत सापडत नाही. इथे दोन माणसांत तिसरा ओळखीचा निघतो. माझ्या कागदावर लिहिलंय: कदंबाच्या बसमध्ये, बाजारात, जत्रेत भेटलो तर आधी तुम्ही ओळख दाखवा, नाही दाखवलीत तर मीही दाखवणार नाही. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवावी, म्हणजे जिन्यात गाठ पडत नाही. आणि एकाच घरातली नणंद-भावजय वेगवेगळी घेऊ नये. घेतली की तोंड कितीही मिटलं तरी चेहरा बोलतो. ताईंचा घोळ तिथेच झाला होता.

“म्हणजे मोठी डिग्री असली की झालं?” त्यांनी एकदा विचारलं. नाही झालं. याच गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगात’ या संस्थेने प्रशिक्षित केलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत उदासीनतेच्या रुग्णांना बरं वाटायला मदत केली, तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पण त्यांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण होई, सहकारी आणि देखरेख करणारे ते ऐकून गुण देत, चुका दाखवत. म्हणून पदवीनंतरचा माझा आवडता प्रश्न: तुमचं काम कोण तपासतं? उत्तराऐवजी हसू आलं तर उठावं.

तक्रारीचंही विचारलं जातं. डॉक्टर असेल तर वैद्यकीय परिषद, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वास परिषद. कुठेच नोंद नसलेल्याविरुद्ध, पैसे देऊन सेवा घेतली असल्यास, जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पावत्या आणि संदेश जपून ठेवावेत. ताईंनी आयोगाची वाट धरली नाही. चार वाक्यांचं पत्र लिहून उरलेल्या पाच भेटींचे पैसे मागितले. चारच भेटींचे आले. “एकाचे ठेवू दे त्याला,” म्हणाल्या, “कोर्सला जाऊ दे.”

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, “माझी फाईल आता कुठे जाणार?”

“कुलपाच्या कपाटात. पाच वर्षांनी कापून नष्ट करते.”

“कागदावर आहे तसं?”

तिसऱ्या पानावर होतं. त्यांनी वाचून बघितलं, मगच पर्स उचलली.