हिपॅटायटीस सी : औषधचाचणीत जावे की सरकारी गोळ्या घ्याव्यात?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे. कोपरखैरण्यात राहणाऱ्या आपल्या ४४ वर्षांच्या थोरल्या भावाला हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटीस सी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणूसंसर्ग, निघाला. एका खासगी रुग्णालयाने त्यांना नव्या गोळीच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधचाचणीत, घेण्याची तयारी दाखवली आहे. औषध व तपासण्या मोफत आणि वर प्रवासखर्च. वहिनींना ही चालून आलेली संधी वाटते, आई म्हणतात 'माझ्या पोरावर प्रयोग नकोत', आणि होकार सोमवारपर्यंत कळवायचा आहे. मी २०१४ मध्ये याच आजाराच्या एका चाचणीत २४ आठवडे होते आणि बरी झाले, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, नौपाड्यातील एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. त्यामुळे कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही, पण कागद कसा वाचावा आणि कोणाला काय विचारावे हे सांगू शकते.

आपण जो अहवाल वर्णन केला आहे तो 'अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह' एवढाच दिसतो. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटीस सीचा विषाणू. ही तपासणी त्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची आहे, म्हणजे या विषाणूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती इतकेच ती सांगते. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत कोणत्याही उपचारावाचून निघून जातो, पण प्रतिपिंडे मागे राहतात. विषाणू आज रक्तात आहे की नाही हे एचसीव्ही आरएनए या तपासणीतून कळते. लॅबवाले तिला व्हायरल लोड म्हणतात. ती झालेली नसताना चाचणीत जायचे की नाही यावर घरात वाद घालणे म्हणजे लग्न ठरण्याआधी मानपानावरून रुसण्यासारखे आहे. चाचणीवाले ती तपासणी स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे रुग्णाला घेण्यापूर्वीच्या छाननीत, करतीलच, परंतु स्क्रीनिंगसाठीसुद्धा संमतीपत्रावर सही लागते. ती सही करण्यापूर्वी आरएनएचा अहवाल स्वतःच्या हातात असावा, असे माझे मत आहे.

आता मी स्वतः का गेले ते सांगते, कारण माझी परिस्थिती आणि आपल्या भावाची परिस्थिती यांतला फरक हाच माझ्या उत्तराचा गाभा आहे. १९९१ मध्ये माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मला दोन बाटल्या रक्त चढवावे लागले होते. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला असला तरी आपल्या रक्तपेढ्यांमध्ये त्याची तपासणी तेव्हा सक्तीची नव्हती. पुढे बावीस वर्षे मला काहीही त्रास झाला नाही, आणि २०१३ मध्ये पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेआधी हा आजार उघड झाला. त्या वेळी उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या: आठवड्याला एक इंजेक्शन, सहा महिने ते वर्षभर, ताप, अंगदुखी, केस गळणे, काहींना तीव्र नैराश्य, आणि एवढे सोसूनही अनेकांचा विषाणू परत येत असे. सोफोसबुविर ही गोळी डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली होती, पण तिची तिथली किंमत एका गोळीला १,००० डॉलर, म्हणजे बारा आठवड्यांच्या ८४ गोळ्यांना ८४,००० डॉलर होती. भारतात ती दुकानात मिळतच नव्हती. अशा वेळी सोफोसबुविर आणि रिबाव्हिरिन देणाऱ्या चाचणीत जागा मिळणे म्हणजे माझ्यासाठी उघडे असलेले एकमेव दार होते. त्यात प्लासिबो, म्हणजे औषधाविना नुसती दिखाऊ गोळी, नव्हता. औषध १६ आठवडे मिळणार की २४, एवढेच संगणक ठरवणार होता आणि माझ्या वाट्याला २४ आले.

तो काळ फार लवकर बदलला. सोफोसबुविरची मालकी असलेल्या गिलियड कंपनीने सप्टेंबर २०१४ मध्ये काही भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचे परवाने दिले आणि २०१५ मध्ये भारतीय बनावटीच्या गोळ्या बाजारात आल्या. मी चाचणी संपवते न संपवते तोच. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात या आजाराची तपासणी व औषधे दोन्ही मोफत आहेत. यकृत आक्रसून सिरॉसिस झालेला नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर बारा आठवडे, सिरॉसिस असेल पण यकृत अजून काम निभावत असेल तर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर बारा आठवडे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. गोळ्या नियमित घेणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक जण यातून पूर्ण बरे होतात. चौकशी ठाण्याच्या जिल्हा शासकीय रुग्णालयापासून सुरू करावी. तिथे काम झाले नाही तर मुंबईतील मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या पोटविकार विभागात जावे. रांगेत वेळ जाईल, एखाद्या तपासणीसाठी दोनदा हेलपाटा पडेल, हे मान्य करून चाला.

म्हणून 'औषध मोफत मिळते' हे आज चाचणीत जाण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण सिद्ध झालेले औषध चाचणीबाहेरही मोफत आहे. संशोधक डॉक्टरांना भावाने पहिला प्रश्न हाच विचारावा: मी सरकारी कार्यक्रमातून बारा आठवड्यांचा उपचार घेतला तर मला जे मिळेल, त्यापेक्षा या चाचणीत वेगळे काय मिळणार आहे, आणि त्यासाठी मी कोणती नवी जोखीम घेतो आहे? या प्रश्नाची चांगली उत्तरे असू शकतात. एकदा गोळ्यांचा पूर्ण कोर्स करूनही ज्यांचा विषाणू परतला आहे, किंवा ज्यांचे यकृत फार खालावले आहे, अशांना नवे औषध खरोखर हवे असते आणि त्यांच्यासाठी चाचणी हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. बारा आठवड्यांऐवजी कमी दिवसांत काम होते का, हे पाहणाऱ्या चाचण्याही असतात. मात्र तिथे बचत दिवसांची असते आणि अपयशाचा धोका रुग्णाचा असतो, हे स्पष्ट बोलून घ्यावे. आपल्या भावासारख्या, आजवर एकही गोळी न घेतलेल्या माणसाला संशोधक अधिक पसंत करतात, कारण अशांच्या बाबतीत निकाल चांगले येतात. त्यात गैर काही नाही, पण ही गरज कोणाची आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

दुसरा प्रश्न प्लासिबोचा. काही चाचण्यांत एका गटाला आधी औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देतात आणि खरे औषध नंतर सुरू करतात. यकृत चांगल्या स्थितीत असेल तर तीन महिन्यांच्या विलंबाने सहसा बिघडत नाही, परंतु सिरॉसिस असलेल्याने असा विलंब पत्करू नये, असे मला वाटते. त्यासाठीच यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी आधी होणे महत्त्वाचे आहे.

आता संमतीपत्राकडे वळते. ते मराठीत मागा. ज्या भाषेत माणसाला कळते त्या भाषेत ते देणे बंधनकारक आहे, आणि सही झाल्यावर त्याची एक प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे. माझे संमतीपत्र अठरा पानांचे होते आणि त्यातील मराठी असे होते की, गणिताच्या शिक्षिकेलाही एकेक वाक्य दोनदा सोडवावे लागत होते. त्यात पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न यांच्या खाली नामनिर्देशित व्यक्तीचे नाव आणि नाते असा रकाना होता. तो पाहून आमच्या घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. आपल्या आईंना तो दिसण्याआधीच समजावून सांगा: चाचणीमुळे मृत्यू ओढवल्यास भरपाई कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी तो कायद्यानेच छापावा लागतो, डॉक्टरांना काही अशुभ दिसते आहे म्हणून नव्हे. माझ्या वेळी संमती देतानाचे ध्वनिचित्रमुद्रणही सर्वांसाठी सक्तीचे होते. मी साडी बदलून गेले होते, हे आता आठवून हसू येते. पुढे ही सक्ती नव्या रेणूंच्या, म्हणजे अजून मान्यता न मिळालेल्या नव्या औषधद्रव्यांच्या, चाचणीतील दुर्बल घटकांपुरती ठेवण्यात आली.

सध्या लागू असलेले नियम २०१९ चे आहेत, 'नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम' या नावाचे. त्यांतील काही तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. चाचणीदरम्यान इजा झाली तर ती चाचणीशी संबंधित नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेल तोपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तिथवर, वैद्यकीय उपचार मोफत द्यावे लागतात. इजा चाचणीमुळेच झाल्याचे ठरले तर पैशाची भरपाई वेगळी. गंभीर घटना घडल्यास संशोधकाने २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक (चाचणी करवणारी कंपनी किंवा संस्था) आणि चाचणीतील रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणारी नीतिमत्ता समिती यांना कळवायचे असते. या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, आणि एक सामान्य नागरिकही असतो. समितीचा दूरध्वनी क्रमांक संमतीपत्रात असतो. तो फोनमध्ये साठवून ठेवा आणि शंका असेल तर सहीपूर्वीच लावा. चाचणीची नोंदणी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयच्या संकेतस्थळावर, असलीच पाहिजे. नोंदणी क्रमांक मागून घ्या: प्रायोजक कोण, कोणत्या रुग्णांना घेणार, प्लासिबो आहे का, कोणकोणत्या रुग्णालयांत चालू आहे, हे सारे तिथे कोणालाही वाचता येते. क्रमांक देण्यास टाळाटाळ झाली तर सोमवारची वाटही पाहू नका, तिथेच नकार द्या. आणि सोमवारची घाई कशासाठी? विचाराला पुरेसा वेळ देणे हा संमतीचाच भाग आहे. उद्या माघार घेतली तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

रोजच्या जगण्यातला भाग कागदावर दिसत नाही. मला दक्षिण मुंबईत जावे लागे, ते उपाशीपोटी, पहाटे पावणेसहाच्या लोकलने, सुरुवातीला दर पंधरवड्याला आणि मग महिन्याला. प्रत्येक भेटीची तारीख ठरलेली, त्यात दोन-तीन दिवसांची सवलत. माझी आठव्या आठवड्याची भेट नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी आली. गोळ्यांची रिकामी बाटलीसुद्धा परत द्यायची, कारण उरलेल्या गोळ्या मोजतात. रिबाव्हिरिनमुळे माझे हिमोग्लोबिन तेरावरून साडेनऊवर आले आणि आमच्या सोसायटीचे दोन जिने मला डोंगरासारखे वाटू लागले. डोस कमी केल्यावर ते सावरले. भेटींची व्यवस्था पाहणारे चाचणीचे समन्वयक तीनदा बदलले आणि प्रवासखर्चाचे पैसे पाच महिने रखडले, तेव्हा त्या पैशांवर घरखर्चाचा हिशेब मांडू नका. भाऊ रबाळ्याच्या कारखान्यात पाळीने काम करतात असे आपण लिहिले आहे. इतक्या रजा मिळतील का, हे साहेबांना आधी विचारावे. चाचणीत रिबाव्हिरिन असेल तर उपचारादरम्यान आणि नंतरही सहा महिने वहिनींना गर्भ राहू नये, अशी काळजी दोघांना घ्यावी लागेल.

चाचणीत जा किंवा सरकारी गोळ्या घ्या, पुढील गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागू आहेत. हिपॅटायटीस बीची तपासणी आधी व्हायलाच हवी, कारण सीचा विषाणू गोळ्यांनी दबल्यावर सुप्त बी उसळल्याची उदाहरणे आहेत. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडारोन, क्षयाचे रिफाम्पिसिन, आणि वेल्पाटासविर असेल तर अॅसिडिटीच्या गोळ्यासुद्धा, यांतील काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे. वैद्यांचा काढा, गुळवेलीच्या गोळ्या, शेजारणीने दिलेले चूर्ण हेही लपवू नये. उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनी आरएनए सापडला नाही तर माणूस बरा झाला असे मानतात. तो अहवाल जपून ठेवा, कारण प्रतिपिंडे पुढेही पॉझिटिव्हच येत राहतील आणि प्रत्येक नव्या रुग्णालयात तेच स्पष्टीकरण द्यावे लागेल. मी तर त्याला लॅमिनेशन केले आहे. सिरॉसिस आधीच झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते.

शेवटी आपण ओझरते लिहिलेली गोष्ट: आईंनी भावाचे ताट-वाटी वेगळी केली आहे. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने जात नाही. ताट आजच परत एकत्र करा. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर, आणि रक्त लागलेली पट्टी कचऱ्यात टाकताना नीट गुंडाळून टाकावी. आरएनएचा अहवाल आणि सीटीआरआय क्रमांक हाती आला की इथेच कळवा, नोंदवहीतील पान आपण मिळून वाचू.