नोंदणी उशिरा झाली म्हणून पेटंट लांबत नाही

प्रश्न : जळगावजवळ आमचा फवारणीच्या औषधांचा छोटा कारखाना आहे. टेक्निकल, म्हणजे औषधातला मूळ क्रियाशील घटक, बाहेरून घेतो. एका कीटकनाशकाच्या पेटंटचा अर्ज जून 2007 चा, कीटकनाशक म्हणून भारतातली सरकारी नोंदणी मात्र 2014 ची. पेटंटवाल्या कंपनीचा माणूस विक्रेत्यांना सांगत फिरतोय, की नोंदणीत सात वर्षं गेली म्हणून पेटंटला पाच वर्षं वाढ मिळणार. 2027 च्या खरिपाची तयारी करावी का?

उत्तर : करा, पण बेतानं.

मुदतवाढीची ती गोष्ट भारतात चालत नाही. पेटंट कायद्याचं कलम 53 सांगतं, मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. आंतरराष्ट्रीय अर्ज असेल तर त्या अर्जाच्या तारखेपासून. नोंदणीला लागलेला वेळ हिशेबातच नाही. म्हणजे तुमच्या तारखेनं पेटंट जून 2027 ला संपतं. हा गृहस्थ युरोपचा नियम इथे खपवतोय. तिथे अर्जापासून पहिल्या विक्री-परवानगीपर्यंतच्या काळातून पाच वर्षं वजा करतात आणि उरेल तेवढी वाढ देतात, फार तर पाच वर्षं. तुमच्या तारखा तिथे लावल्या तरी दोनच वर्षं पदरात पडतात! अमेरिकेत अशी वाढ दवाखान्यातल्या औषधांना मिळते, कीटकनाशकांना नाही.

फरिदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडे कीटकनाशक कायद्याच्या कलम 9(4) खाली, म्हणजे आधीच नोंदलेल्या औषधासाठी, नोंदणीचा अर्ज आताच करता येईल. त्यासाठीचे नमुने आणि चाचण्या यांना पेटंट कायद्याचं कलम 107-अ संरक्षण देतं. मात्र नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे विक्रीची मुभा मिळाली, असं समजू नका. पेटंट संपायच्या आधी, मे महिन्यात, बाटल्या भरून गोदामात ठेवल्या, एकही विकली नाही, तरी विक्रीसाठी माल बनवणं हेच उल्लंघन. व्हॉट्सॲपवर दरपत्रक टाकून बुकिंग घेतलं, तर विक्रीचा प्रस्ताव ठेवल्याबद्दल तेही उल्लंघन. ऐन पेरणीत मनाई हुकूम आला तर हंगाम गेलाच.

आणखी एक. मूळ रेणूचं पेटंट संपलं तरी तो बनवण्याच्या पद्धतीचं वेगळं पेटंट जिवंत असू शकतं. क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल या कीटकनाशकाचं मूळ पेटंट 13 ऑगस्ट 2022 ला संपलं, तरी पद्धतीच्या पेटंटवरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेलाच. ते बनवणाऱ्या नॅटको या दुसऱ्या कंपनीची पद्धत वेगळी ठरली म्हणून तिचा मार्ग मोकळा झाला. टेक्निकल तुम्ही बनवत नसलात, तरी पेटंट असलेल्या पद्धतीनं बनलेला माल वापरणारा आणि विकणाराही कचाट्यात येतो. त्यामुळे पुरवठादाराकडून त्याची पद्धत आणि दावा झाल्यास भरपाईची हमी, दोन्ही लेखी घ्या. तो टाळाटाळ करू लागला, तर दुसरा पुरवठादार बघा.